दारातली करवंदी

आमच्या लेआउटमध्ये प्रत्येकाच्या फाटकाशी काही ना काही लावलेलं आहे. कोणाची जास्वंद, कोणाचा मोगरा. कोपऱ्यावरच्या मास्तरांचा तर विलायती पाम आहे. त्याला ते रोज बादलीभर पाणी घालतात आणि नळ कधी येणार म्हणून रोज कुरकुरतात. माझ्या फाटकाशी करवंदी आहे. कमरेएवढी, पसरट, बारा महिने हिरवी आणि अंगभर काटे. यवतमाळच्या एप्रिलमध्ये पाम पिवळा पडतो, मोगऱ्याची पानं करपतात आणि ही बया तेल लावल्यासारखी चकचकत असते. एक वर्ष सोडलं तर मी तिला कधी पाणी घातलं नाही. त्या एका वर्षाचंच सांगायचं आहे.

माझं माहेर राळेगावकडचं. आमच्या शेताच्या बांधावर करवंदीची जाळी होती. गुरं आत शिरत नसत आणि उन्हाळ्यात आम्हा पोरींचं पोट तिथंच भरायचं. घर बांधून झालं त्या उन्हाळ्यात मी माहेरून डबाभर पिकलेली करवंदं आणली. नवऱ्यानं ओट्यावर बसून ती खाल्ली आणि मी बिया गोळा केल्या. करवंदीचं बी वाळलं की मेलं. ते त्याच दिवशी मातीत गेलं पाहिजे. मी फाटकाशी जमीन उकरायला बसले तेव्हा तो हसून म्हणाला, "अवं, लोकं दारात तुळस लावते, तू काटे लावून राह्यली."

"तुळस बी लावली न मागं," मी म्हटलं. "तिची चटणी व्हत नाही."

तो एस.टी.त कंडक्टर होता. त्याचा डबा सोपा. ज्वारीची भाकर, एखादी भाजी आणि वैशाखात कच्च्या करवंदाची चटणी. हिरवी करवंदं खुडायची तर आधी हाताला तेल लावायचं, नाहीतर चीक असा चिकटतो की दोन दिवस बोटं सुटत नाहीत. मग चिरून बी काढायची, मिठाच्या पाण्यात टाकायची आणि हिरवी मिरची, लसूण, गुळाचा खडा घालून खलबत्त्यात ठेचायची. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो. मला तो चालत नाही. डेपोतले ड्रायव्हर त्याचा डबा उघडायची वाट बघत असायचे, असं तो सांगायचा. खरं खोटं त्यालाच माहीत, पण डबा रोज पुसून काढल्यासारखा परत यायचा.

झाडाला पहिली फळं धरली त्या वर्षी सासूबाई आर्णीहून आल्या. त्या थोरल्या मुलाकडं, म्हणजे माझ्या भासऱ्यांकडं राहतात. फाटकाशीच थबकल्या. "दारात चिकाचं झाड नाही लावू, बाई," त्या म्हणाल्या. "काट्याचं तं नाहीच नाही. घरात भांडनं लागते, मानूस टिकत नाही."

करवंदीत दोन्ही आहे. पान तोडा, पांढरा चीक येतो. फांदी धरा, दुहेरी काटा हातात घुसतो. म्हणजे त्यांच्या हिशेबानं मी एका खड्ड्यात दोन पापं पेरली होती. मी ऐकून घेतलं. सुनेनं पहिल्या वेळी ऐकून घ्यायचं असतं. पण जाताना करवंदाच्या लोणच्याची बरणी त्यांनी मागून घेतली आणि पुढंही दर उन्हाळ्यात घेतली. झाड अशुभ, लोणचं शुभ. ही गंमत मी नवऱ्याला सांगायची आणि तो "आई हाये ते, जाऊ दे," म्हणून खर्र्याची पुडी उघडायचा.

खर्रा आमच्याकडं कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटतात आणि गालात धरून दिवस काढतात. माझ्या नवऱ्याच्या गालात तो सकाळी चहाच्या आधी जायचा. मी भांडले, पुड्या नालीत टाकल्या, माहेरी निघून जाईन म्हणाले. त्याला बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या आठवल्या तर घ्यायचा. खर्रा मात्र कधी विसरला नाही. ही सवय कुठून लागली, हे त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला मजेत सांगितलं होतं. आर्णीच्या जिनिंगमध्ये दोघं भाऊ कापसाच्या दिवसांत रात्रपाळी करायचे. धाकट्याला झोप यायची. थोरल्यानं स्वतः घोटून त्याला पहिला खर्रा दिला. "दादानं जागं ठेवलं मले," असं तो म्हणायचा, आणि त्यात त्याला भावाचं प्रेमच दिसायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात तो दुपारी ड्युटीवरून आला, उभ्यानं पाणी प्यायला, छातीत आग होते म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाकड्यावर बसवलं आणि आधी हेच विचारलं, खर्रा खायचे का. मी हो म्हटलं. बीपीची गोळी? कधी घेतली, कधी नाही. त्यांनी मान हलवली. माझा नवरा कशानं गेला, हे मला त्या बाकड्यावर कळलं आणि त्यात नंतर कधी शंका आली नाही.

शंका बाकीच्यांना आली. तेरवीच्या दिवशी घर बायांनी भरलं होतं. मी आतल्या खोलीत भिंतीशी बसले होते. मधूनच कोणीतरी "दारात तं काटाच लावला व्हता न," असं हळू म्हणायचं, इतकं हळू की मला बरोबर ऐकू यावं. मग बाहेर कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. माझी मुलगी धावत आत आली. ती यवतमाळच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. म्हणाली, "आई, मोठे बाबा करवंदी तोडून राह्यले."

मी उठायला लागले. दोघी जणींनी माझे हात धरले. "आज उठू नाही बाई. जाऊ दे, गेलं तं गेलं. तुह्याच भल्यासाठी करून राह्यले ते."

मी मोठ्यानं रडले. सगळ्यांना वाटलं, नवऱ्यासाठी. निम्मं त्याच्यासाठी होतं, निम्मं निव्वळ रागानं. संध्याकाळी कळलं की फांद्या ओढताना भासऱ्यांचे दोन्ही हात काट्यांनी फाटले आणि हळद लावावी लागली. मला बरं वाटलं. तेरवीच्या दिवशी असं वाटू नये म्हणतात. वाटलं तर वाटलं.

झाड गेल्याचं दुःख होतंच. पण मी जळले ते वेगळ्या गोष्टीनं. झाड मी लावलं होतं. ते अशुभ म्हणून, माणूस गेल्यावर, चारचौघांत तोडलं. म्हणजे निकालच लागला की. खुनी सापडला, हत्यारही सापडलं. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते मी वांगं होऊन पाहिलं. मी घरी ब्लाउज शिवते. माप द्यायला येणाऱ्या बाया फाटकाशी बुंध्याकडं बघायच्या आणि आत येऊन म्हणायच्या, "बरं झालं काढलं ते." मी टेप त्यांच्या दंडाला जरा जास्तच आवळायची.

एवढं सगळं मी पचवलं असतं. गावाचं तोंड कोणी धरलं आहे. पण पावसाळ्याच्या आधी एका दुपारी मी मशीनवर होते आणि मुलगी समोर काज-बटणं करत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "आई, खरंच तसं असंल का?"

"कसं?"

"झाडाचं."

मी मशीन थांबवलं. "तुले काय वाटते?"

"मले काही वाटत नाही. पन समदेच म्हनते."

ती शिकलेली मुलगी. बापाच्या पुड्या माझ्याबरोबर नालीत टाकणारी. तिच्याही मनात ते शिरलं होतं. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं, खर्र्याचं सांगितलं. ती "हो, ते तं हायेच," म्हणाली. त्या "ते तं हायेच"मध्ये अजून काहीतरी शिल्लक होतं आणि मला ते दिसत होतं. पुढं हिचं लग्न होईल, हिला मुलं होतील, आणि आजोबा कसे गेले म्हणून ती विचारतील तेव्हा ही काय सांगेल? आजीनं दारात काटा लावला होता? त्या दिवसापासून मला दुसऱ्या कशाची भीती उरली नाही, हीच एक राहिली.

आता भासऱ्यांनी केलेली चूक सांगते. त्यांनी झाड तोडलं म्हणजे बुंध्याशी छाटलं. मूळ खणायचा त्यांना कंटाळा आला, आणि रस्त्याच्या बाजूला कुंपणाबाहेर झुकलेल्या दोन फांद्याही हात फाटल्यामुळं तशाच राहिल्या. माझी आई बांधावरची करवंदी बरोबर याच दिवसांत, अशीच बुंध्याशी छाटायची. छाटल्याशिवाय जाळी दाट होत नाही. भासऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्याकडं तारेचं कुंपण आहे. पोळ्यापर्यंत बुंध्याभोवती लालसर कोंबांचा घोळका उभा राहिला. एका झाडाची जाळी झाली.

लेआउटमध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. "पुन्हा आलं वाट्टे," उन्हाळा लागल्यावर एक दिवस मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता मुळापासून काढून टाका. पेट्रोल टाका थोडं." मी आत गेले आणि बादली भरून आणली. नळ येऊन कितीतरी दिवस झाले होते. लोक भांड्यांचं पाणी कपड्यांना वापरत होते. मी पदर कमरेला खोचला आणि भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत ती बादली करवंदीला घातली. गरज नव्हती. करवंदी काही पाण्यावाचून मरत नाही. पण मला पाणी घालताना लोकांनी बघायला हवं होतं, म्हणून मी ते पूर्ण उन्हाळाभर घातलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं माझी आई माझ्याबद्दल मी लहान असतानाच म्हणायची.

मग अक्षय तृतीया आली, आमच्याकडची अखजी. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची नवी घागर भरतात, वर आंबा ठेवतात आणि पळसाच्या पत्रावळीवर त्यांच्या आवडीचं वाढतात. माणूस गेल्यानंतरची पहिली अखजी घरच्यांनी चुकवू नये, असा रिवाज. मला मुलगा नाही, तेव्हा घागर भासरे भरणार हे कोणी न सांगताच ठरलेलं होतं.

सकाळी मी त्या कुंपणाबाहेरच्या दोन फांद्यांवरची हिरवी करवंदं खुडली. ओंजळभरही नव्हती. हाताला तेल लावून चिरली, ठेचली, गूळ घातला. मुलगी पत्रावळ पुसत होती. तिनं चटणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पुन्हा पत्रावळ पुसायला लागली.

भासरे मोटरसायकलवर सासूबाईंना मागं बसवून आले. गाडी फाटकाशी थांबली आणि ते उतरायच्या आधीच म्हणाले, "हे पुन्हा कसं काय आलं?" त्यांच्या गालात खर्रा होता, त्यामुळं मान वर करून बोलत होते.

"तुमीच तं छाटलं, भाऊजी," मी म्हटलं. "छाटलं की दाट व्हते ते."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. काही अंशी करतही होते. सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या. आत पत्रावळीशेजारी वाटीत काढलेली चटणी त्यांना दिसली. "त्याच झाडाची का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "पानावर नको ठेवू, बाई. ज्यानं नेलं त्याचंच कायले वाढतं?"

"त्यांले आवडे," मी म्हटलं.

भासरे तोपर्यंत मास्तरांच्या घरून कुऱ्हाड मागून आले होते. फाटकात उभे राहून त्यांनी निवाडा केला. "हे झाड हाये तोवर मी घागर भरत नाही. माह्या भावाले खाल्लं यानं. आज मुळासकट काढतो, मंगच पान वाढू."

मुलगी दारात उभी होती. ती करवंदीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी काय करते हे तिला बघायचं होतं. मी आज गप्प बसले तर माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ती आयुष्यभर एकच लावणार होती. मी आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"तोडा," मी भासऱ्यांना म्हटलं आणि तांब्या पुढं केला. "पन आधी चूळ भरा. तोंडात खर्रा हाये तुमच्या."

ते गोंधळले. "त्याचा इथं काय संबंध?"

"तेच तं मी वरीसभर इचारून राह्यली. डॉक्टरनं मले खर्रा इचारला, दारातलं झाड नाही इचारलं. त्यांले पयला खर्रा जिनिंगमंधी कोनं घोटून देल्ला, हे ते मले हासून सांगे. तुमाले मालूम हाये, मलेही मालूम हाये. आज या पोरीलेही मालूम झालं. आता चूळ भरा आन् तोडा."

माझा आवाज चढला नव्हता. भासऱ्यांनी एकदा आईकडं पाहिलं. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवली, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि नालीवर जाऊन चूळ भरायला लागले. पाणी लाल पडलं. ते पुन्हा पुन्हा भरत राहिले, तोंड स्वच्छ झाल्यावरही. मग आत आले नाहीत. फाटकाबाहेर गाडीच्या सावलीत जाऊन बसले आणि कुऱ्हाड जिथल्या तिथं राहिली.

मला त्यांची दया आली का? थोडी आली. धाकट्याला झोप येते म्हणून घोटून दिलेला खर्रा. त्यात वाईट हेतू नव्हता. मे महिन्यापासून हा माणूस काय घेऊन जगत असेल आणि झाड तोडायची त्याला एवढी घाई कशाची होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण त्यानं आपला भार उचलून माझ्या दारात आणून टाकला होता, आणि तो मी वाहायचा, हे मला मंजूर नव्हतं.

घागर भरायची राहिली होती. मुलगी कोणाला न विचारता पुढं झाली, घागर उचलली, पाण्यानं भरली आणि पाटावर नीट बसवली. वर आंबा ठेवला. आजीनं तिला अडवलं नाही. मी पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, आणि शेजारी चटणी ठेवली.

सासूबाई ओट्यावरून हलल्या नव्हत्या. त्यांची नजर फाटकाबाहेर, उरलेल्या मुलाच्या पाठीवर होती. मी त्यांना आत बोलवायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि खाली बसवलं.

"मले मालूम हाये वं," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून मालूम हाये. यानंच लावला त्याले खर्रा, म्या डोयानं पाह्यलं. पन एक पोरगं गेलं माय. दुसऱ्याले कसं बोलू मी? बोलली असती तं हाही गेला असता."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तेरवीलाही माहीत होतं. कुऱ्हाडीचा आवाज येत होता तेव्हा त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"मंग मले काहून बोलल्या?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. उलट माझं कौतुक करावं तसं त्यांनी सांगितलं.

"तू सोसतं म्हनून."

घरात मुलगी पत्रावळीसमोर बसली होती, दार उघडं होतं.

"आता नाही सोसत, आई," मी म्हटलं, आणि तिला आत नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.